टोळी पकडली, पण माल कोणी घेतला?

आपल्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात अधूनमधून एक फोटो छापून येतो. मध्ये चार-पाच माणसे उभी, तोंडावर काळे बुरखे. मागे स्थानिक गुन्हे शाखेचे अधिकारी आणि जवान. पुढे टेबलावर मोबाइल, कोयता, थोडी रोख रक्कम आणि खाली जमिनीवर मालाची पोती. वर मथळा : 'महामार्गावर लूटमार करणारी टोळी जेरबंद'. इतर लोक फोटो पाहून पान उलटतात. आम्ही तेरखेड्याचे व आसपासचे व्यापारी मात्र चष्मा लावून त्या पोत्यांवरचे मार्क वाचू लागतो. आपला माल तर नाही ना?

तेरखेडा बाहेरगावी ओळखले जाते ते फटाक्यांच्या कारखान्यांमुळे. पण ट्रक ड्रायव्हरांच्या तोंडी आमच्या भागाची दुसरी ओळख आहे आणि ती ऐकून मान खाली जाते. सोलापूरहून धुळ्याला जाणारा हा रस्ता. पूर्वी त्याला २११ नंबर होता, आता ५२ आहे. येडशी, येरमाळा, तेरखेडा, पारगाव हा पट्टा रात्रीच्या वेळी एकट्या गाडीने पार करू नये असे ड्रायव्हर एकमेकांना सांगत आले. रस्त्यावर दगड टाकून गाडी अडवायची, नाहीतर चढावर वेग कमी झाला की मागून चढून ताडपत्री फाडायची आणि माल खाली फेकायचा. रस्ता चौपदरी झाला, दिवे आले, तरी तक्रारी पुरत्या थांबल्या नाहीत.

पोलीस काहीच करत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. गस्त असते, नाकाबंदी असते, पहाटे वस्त्यांवर छापे पडतात, टोळ्या पकडल्याही जातात. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. टोळी पकडली जाते, मग दोन-तीन वर्षांनी त्याच रस्त्यावर तेच धंदे पुन्हा कसे सुरू होतात? याचे उत्तर मी पुष्कळ दिवस पोलिसांकडे शोधत होतो. नंतर ते माझ्याच गादीखाली सापडले. ती हकीकत सांगतो. सांगताना संकोच होतो, पण आपल्याच पानावर आपल्याच लोकांना सांगायची नाही तर कोणाला सांगायची?

नोव्हेंबर २०१३ ची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती, लग्नसराई तोंडावर होती. सुरतेहून साड्यांची तीन पार्सले मागवली होती. धुळ्याकडून येणारी गाडी दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळ रात्री अडवली गेली. ड्रायव्हरला मारहाण झाली आणि बऱ्याच व्यापाऱ्यांचा माल गेला. माझी तिन्ही पार्सले त्यात गेली. सकाळी बातमी कळली तेव्हा दुकानात मी आणि मुनीम दोघेच होतो. मुनीमजी एवढेच म्हणाले, "भाई, बिल दोनाचेच आहे."

बरोबर होते. दोन पार्सलांचे पक्के बिल होते, तिसरे कच्च्या चिठ्ठीवर आले होते. कापडाच्या धंद्यात तेव्हा हे सर्रास चाले आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांला वाटतही नसे. दलाल ओळखीचा, पेढी ओळखीची, उधारी साठ दिवसांची. चिठ्ठीवर आकडा आणि सही असली की झाले.

पहिले चार दिवस हद्दीच्या वादात गेले. एका ठाण्यात म्हणत गुन्हा पलीकडच्या हद्दीत घडला, दुसरीकडे म्हणत अलीकडच्या. ट्रान्सपोर्टवाल्याने समजूत घातली, "भाईजान, फिर्याद कशाला? कोर्टाच्या तारखा, उलटतपासणी. धंदा कधी करणार?" तरी फिर्याद झाली. माझे शिक्षण उर्दू शाळेतले. जबाबाचा कागद समोर आला तेव्हा गंमत वाटली. फिर्याद, जबाब, गुन्हा, फरार, मुद्देमाल, जामीन, सगळे शब्द आमच्याच घरचे! पण आमच्याकडे फरियाद म्हणजे काळजातली हाक. इथे तीच फिर्याद म्हणजे रकाने भरलेला कागद. त्या रकान्यांत मी पार्सलांची संख्या लिहिली : दोन. तिसरे कसे लिहिणार? त्याला कागद नव्हता.

मार्च २०१४ मध्ये टोळी पकडली गेली. फोटो आला, मथळा आला. माझ्या दोनपैकी एक पार्सल आणि दुसऱ्यातल्या काही साड्या सापडल्या. पोलिसांनी मेहनत केली होती, हे मी त्या वेळीही म्हटले आणि आजही म्हणतो. पण सापडलेला माल हाती येईपर्यंत २०१५ उजाडले. पावसाळ्यात ओल लागून साड्यांवर डाग पडले होते, डिझाइन जुने झाले होते. निम्म्या भावातही त्या गेल्या नाहीत. ट्रान्सपोर्टवाल्यावर नुकसानीचा दावा करावा म्हटले तर वकीलसाहेब म्हणाले की बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायला हवी होती. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात तसे कलम आहे. ती मुदत कधीच निघून गेली होती.

आणि तिसरे पार्सल?

ते मी पाहिले. टोळी पकडली जाण्याच्याही आधी, शेजारच्या तालुक्यातील एका आठवडी बाजारात. एका व्यापाऱ्याच्या पालावर माझ्या त्याच लॉटच्या साड्या टांगलेल्या होत्या, माझ्या खरेदीपेक्षाही स्वस्त. हा व्यापारी ओळखीचा. एकमेकांच्या लग्नकार्याला जाण्यायेण्याचे संबंध. मी साडी हातात घेतली, काठ पाहिला. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला कळले की मला कळले. त्याने चहा मागवला. मी तो प्यालो आणि घरी आलो.

पोलिसांना मी सांगितले नाही. संबंधांची भीड होती हे खरे, पण खरे कारण तेवढेच नव्हते. ज्या पार्सलाचे बिलच नाही, जे फिर्यादीत लिहिलेच नाही, ते माझे आहे असे कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्या कच्च्या चिठ्ठीने माझे तोंड शिवले होते. गवाही लपवू नका, हा हुकूम आपण लहानपणी मदरशात वाचलेला असतो. मी तो त्या दिवशी चहाबरोबर गिळला. खटला २०१७ मध्ये निकाली निघाला. पंच फितूर झाले, ड्रायव्हरने आरोपींना ओळखले नाही, सगळे सुटले. माल घेणाऱ्याचे नाव तर आरोपपत्रात कधी आलेच नव्हते. ते माहीत असणारा एक माणूस होता, आणि तो गप्प बसला होता.

हे केवळ आमच्या खेड्यापाड्याचे नाही. मुंबईकडे पाहू. १९९० च्या दशकात तिथल्या व्यापाऱ्याला खंडणीच्या टोळ्यांनी हैराण केले होते. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर सरकारने १९९९ मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आणला. आपण त्याला मोक्का म्हणतो. टोळीतल्या माणसावर दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे आणि कोर्टाने त्यांची घेतलेली दखल, पैशासाठी वा टोळीच्या फायद्यासाठी केलेले गुन्हे, जामीन अत्यंत कठीण, आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य. त्याच काळात चकमकीही पुष्कळ झाल्या. खंडणीचे फोन पुढे कमी झाले, हे मुंबईतले व्यापारीही सांगतात.

परंतु कोर्टात काय झाले तेही पाहावे. गुलशन कुमार खटल्यात २००२ मध्ये १९ पैकी १८ आरोपी निर्दोष सुटले. हिऱ्यांचे व्यापारी आणि चित्रपटांना पैसा पुरविणारे भरत शाह यांना जानेवारी २००१ मध्ये मोक्काखाली अटक झाली. त्या खटल्यात मोठमोठ्या नावांचे सिनेमावाले साक्षीदार कोर्टात उभे राहिले आणि एकामागून एक आपल्या जबाबापासून फिरले. प्रीती झिंटा ही अभिनेत्री मात्र आपल्या जबाबावर कायम राहिली. शेवटी २००३ मध्ये शाह यांना पोलिसांपासून माहिती लपविल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली, आणि ती त्यांनी आधीच भोगून झाली होती. ज्यांच्या दाराशी पहारेकरी असतात त्यांची ही कथा, तर आठवडी बाजारात पाल टाकणाऱ्याकडून काय अपेक्षा करणार? पण पडद्यावर शूर दिसणारे पुरुष फिरले आणि एक मुलगी फिरली नाही, हे मात्र मी आमच्या दुकानात बसणाऱ्या मंडळींना नेहमी ऐकवतो.

साक्षीदार उभा राहत नाही म्हणून मग लोक जवळची वाट मागू लागतात. 'गोळी घाला, प्रश्न संपला.' व्यापारी मंडळीच हे सर्वांत मोठ्याने बोलतात, म्हणून दोन गोष्टी सांगणे भाग आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोव्यात लखन भैया नावाच्या इसमाची चकमक झाली. ती खोटी ठरली. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदीप शर्मा या गाजलेल्या अधिकाऱ्यालाही दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. दुसरी गोष्ट कबुलीजबाबाची. ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोटांत मुंबईची १८० हून अधिक माणसे गेली. त्या खटल्यातही मोक्का लावला होता. २०१५ मध्ये १२ जणांना शिक्षा झाल्या, त्यांपैकी पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने पुरावा टिकत नाही म्हणून त्या सर्वांची सुटका केली. छळ करून घेतलेले ते कबुलीजबाब न्यायालयाला मान्य झाले नाहीत. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांची सुमारे एकोणीस वर्षे आणि मेलेल्यांच्या घरच्यांचा न्याय, दोन्हींचे काय, याचा जबाब कोणाकडे आहे? पुराव्याची मेहनत वाचवायला गेले की हे होते. मोक्का नको असे मी म्हणत नाही. ज्या टोळीसाठी तो केला तिलाच तो लागावा आणि उभ्या राहणाऱ्या साक्षीवर टिकावा, एवढेच.

आमच्या रस्त्याकडे परत येतो. लूटमारीचे नाव निघाले की आमच्याकडे बोट लगेच पारधी वस्तीकडे जाते. चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल, 'ती जातच तशी'. मला हे वाक्य ऐकवत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची सेटलमेंट वसवली, पुरुषांना हजेरी लावली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या यादीत आपल्यातलेही होते. छप्परबंद बिरादरी खोटी नाणी पाडते म्हणून तिच्यावर हाच शिक्का मारला होता, आणि राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ती आजही आहे. ज्यांच्या आजोबाला नावावरून ठाण्यात बसवून ठेवले, त्यांनी दुसऱ्याच्या नातवाला नावावरून चोर म्हणू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांना बजावले की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. वस्तीवर पहाटे छापा पडतो, वीस पोरे उचलतात, त्यांतली दोन-चार खरोखर गुन्ह्यातली असतात. बाकीची घरी परततात तेव्हा त्यांच्या मनात काय असते याचा विचार आपण व्यापारी लोक कधी करतो काय?

शिवाय साधा हिशेब करून पाहा. झोपडीत राहणारा माणूस शंभर साड्या नेसणार आहे काय? तेलाचे डबे, टायर, कापडाचे ठाण, मोबाइलची खोकी. हा माल तो रात्री उचलतो तो सकाळी रोख पैसे देणारा कोणीतरी आहे म्हणून. त्याच्या हाती रुपयातले चार आणे पडतात. बाकीचे बारा आणे गादीवर बसलेल्या, दुकानावर पाटी लावलेल्या माणसाकडे जातात. पहाटेचा छापा वस्तीवर पडतो. गोदामावर तो फार क्वचित पडलेला मी पाहिला.

कायदा मात्र या गादीवाल्याला विसरलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे समजायला कारण असताना, तो घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. दरोड्यातला माल घेतला, किंवा असा माल घेण्याचा धंदाच केला, तर जन्मठेपेपर्यंत. कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी आता साऱ्या देशासाठी गुन्हा झाली आहे आणि त्यात लूटमारीचा उल्लेख स्पष्ट आहे. अशा गुन्ह्यातून आलेली मालमत्ता बाळगली तर कमीत कमी तीन वर्षे कैद व किमान दोन लाख दंड. मोक्कातही हे पूर्वीपासून आहे. 'समजायला कारण' या शब्दांकडे लक्ष द्यावे. बाजारात ज्याची खरेदी सहाशे, ती वस्तू कोणी तीनशेला बिलाशिवाय देतो, याहून मोठे कारण कोणते? हलाल कमाईत असा माल बसत नाही हे तर कोणाला सांगायची गरज नाही. पण 'मला काय माहीत' हा जो पडदा आपण स्वतःसाठी धरतो तो कोर्टातही टिकेल असे समजू नये.

पोलिसांकडूनही माझी मागणी आहे. टोळी पकडल्यावर जबाबात 'माल कोणास विकला' हा प्रश्न येतोच, पण त्याच्या उत्तराचा पाठलाग पुष्कळदा फोटो छापून आला की थांबतो. ज्याच्या गोदामात माल मिळाला तो 'साक्षीदार' होतो आणि ज्याने उचलला तो 'आरोपी'. हे बदलले तर एक छापा दहा छाप्यांचे काम करील.

आता कामाच्या दोन गोष्टी, माझ्या नुकसानीतून शिकलेल्या. हद्दीचा वाद घालून आता तुम्हांला परत पाठवता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी फिर्याद नोंदवावी लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी. सापडलेला माल ठाण्यात कुजू देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते की मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त पडून राहू नये, फोटो व बंधपत्र घेऊन मालकाला द्यावा. हे मला २०१४ मध्ये कोणी सांगितले असते तर त्या साड्यांवर डाग पडले नसते. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर यादी व फोटो १४ दिवसांत आणि पुढे ३० दिवसांत आदेश असे बांधून दिले आहे. पण अर्ज आपण करावा लागतो आणि अर्जाला बिल जोडावे लागते. २०१७ पासून कापडावर जीएसटी आला, २०१८ पासून ई-वे बिल आले. आपण सर्वांनी त्याला शिव्या दिल्या, मीही दिल्या. पण गाडी लुटली गेली तर माल तुमचा आहे हे सांगणारा तोच कागद आहे. कारागीर बंधूंनी, विशेषतः जे घरच्या मागावर वा शिलाई मशीनवर माल करून बाहेरगावी पाठवतात, त्यांनी निदान पाठविलेल्या मालाची यादी, मोबाइलवर काढलेला फोटो आणि बिल्टी जपून ठेवावी. आणि बिल्टीवर मालाची किंमत लिहावी. किंमत लिहिली नाही तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या ठराविक पटीपुरतीच राहते.

मागच्या वर्षी आमच्या एका शेजाऱ्याच्या दुकानी दोन पोरे रात्री टॉवेलांचे पोते घेऊन आली. सोलापूरचा माल, भाव निम्मा. मी तेथेच बसलो होतो. शेजाऱ्याने बिल विचारले, पोरे पोते उचलून निघून गेली. या वेळी मात्र आम्ही दोघांनी ठाण्यात जाऊन सांगितले. पुढे तपास झाला, पोरे सापडली, आणि त्यांच्याकडून माल घेणारा एक व्यापारीही आरोपी झाला. तो आमच्या ओळखीचा आहे. त्याच्या घरच्यांनी आमच्याशी बोलणे टाकले आहे. बाजारात काही मंडळी मला पाहून रस्ता बदलतात. कोर्टाचे समन्स आले आहे, तारीख पुढच्या मंगळवारची. त्या दिवशी दुकान बंद राहील, गिऱ्हाइकांनी बुधवारी यावे.